शाम्पू सोडला, पण भांगातल्या पांढऱ्या केसांना रंग धरेना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, वय ४६, बँकेत नोकरी. डोक्याला सतत खाज यायची म्हणून दोन वर्षांपूर्वी शाम्पू बंद केला. आता आठवड्यातून एकदा शिकेकाई, मध्ये एखादेवेळी बेसन-दही. आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडते. खाज गेली, केस गळायचेही कमी झाले. पण भांगात आणि कानशिलांवर पांढरे फार दिसायला लागलेत. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे. मागच्या महिन्यात मेंदी लावली. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात भिजवून, दही घालून. टोकं लाल झाली आणि भांग होता तसाच पांढरा राहिला. पार्लरवाली म्हणते, शाम्पू केल्याशिवाय तुमच्या केसांना कुठलाच रंग बसणार नाही. जाऊबाई म्हणतात, काळ्या मेंदीची पुडी आण, अर्ध्या तासात काम होतं. मला शाम्पूकडे परत जायचं नाही. रंग लावला तर दोन वर्षांची मेहनत वाया जाईल का? आणि शिकेकाईने लावलेला रंग उतरेल का?

उत्तर : ताई, मेंदी खराब असती तर टोकंही रंगली नसती. तुमची टोकं रंगली आणि मुळं राहिली, म्हणजे मेंदी चांगली होती, मुळांशी तेल होतं. आदल्या रात्रीचं खोबरेल, टाळूचं स्वतःचं तेल आणि वरून मेंदीत घातलेल्या दह्यातली साय. टोकाचा केस जुना, कोरडा, त्याने रंग ओढून घेतला. मुळाजवळच्या केसापर्यंत रंग पोचलाच नाही.

माझं माहेर साखर पेठेतलं. आमच्या गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचं काम चाले. शाळेतून येताना मी तिथे उभी राहायची. रंगाच्या टाकीकडे जाण्याआधी सुताच्या लड्या सोडा घातलेल्या पाण्यात तासन् तास उकळत असायच्या. पाणी पिवळट, तपकिरी होत जायचं. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो, तो निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही. एखादी लडी घाईत कमी उकळली गेली, तर रंगल्यावर तिच्यात पांढरट चट्टे दिसत आणि कारागीर ती बाजूला फेकत. सोलापुरी चादरीचा रंग वर्षानुवर्षं टिकतो, त्यात या उकळण्याचा वाटा रंगाइतकाच आहे. तुमचा भांग म्हणजे ती कमी उकळलेली लडी.

पार्लरवालीचं अर्धं खरं आहे. मेंदीसाठी केस निखळ स्वच्छ हवेत, हे खरं. पण ते शाम्पूनेच होतात, हे खरं नाही. रिठ्याने होतात. शिकेकाईत आणि रिठ्यात फेस आणणारं जे द्रव्य असतं त्याला सॅपोनिन म्हणतात. ते तेलाला धरून पाण्याबरोबर ओढून नेतं. शिकेकाई सौम्य, रिठा कडक. रोजच्या वापराला शिकेकाई योग्यच, पण रंगाच्या दिवशी रिठाच घ्या. बेसन त्या दिवशी नको. ते वरवरचं तेल टिपतं, मुळाशी राहिलेलं तसंच ठेवतं, आणि त्याचे कण केसात अडकून बसतात.

आता कसं करायचं ते सविस्तर सांगते, कारण या कामात चुका छोट्या छोट्या गोष्टींत होतात.

रंग लावायच्या आधी चार-पाच दिवस तेल पूर्ण बंद. दहा-बारा रिठे फोडून आतली काळी बी काढून टाका, सालं दोन तांबे पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा, हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळा. शिकेकाईसुद्धा पूड थेट डोक्यावर न थापता अशीच काढा करून गाळून घेत जा; तिचा भुगा भांगात बसला की रंग लागत नाही. रिठ्याचं पाणी लावताना डोळे घट्ट मिटा. ते डोळ्यात गेलं तर अर्धा दिवस डोळे लाल राहतात. दोन वेळा लावा, दोन्ही वेळा बोटांच्या पेरांनी भांग आणि कानशिलं चोळा. वाळल्यावर कानामागची एक बट दोन बोटांत धरून ओढा. बोट सरकत राहिलं तर अजून तेल आहे, तिसऱ्यांदा धुवा. धुतलेल्या काचेच्या पेल्यावर बोट अडखळतं तसं अडखळलं, की केस तयार.

पाण्याचंही बघायला हवं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ते जड असणार. बादलीच्या कडेला पांढरी खर बसते तीच खर केसावरही बसते. उजनीचं नळाचं पाणी आलं त्या दिवशीच हा बेत ठेवा. तसंही मेंदी धुवायला चार-पाच बादल्या लागतात आणि आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा आधी पाण्याचा दिवस बघा आणि मग सुट्टी काढा. रिठ्यानंतरचा शेवटचा तांब्या अर्धं लिंबू पिळून घ्या. त्याने खर सुटते. मग साधं पाणी.

मेंदी कोणती, तर डब्यावर घटक म्हणून फक्त मेंदीची पानं लिहिलेली. राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली आहे, पण नावापेक्षा वास बघा. चांगल्या मेंदीला वाळलेल्या गवतासारखा वास येतो आणि पूड हिरवट खाकी असते. फार गर्द, पोपटी हिरवी दिसली तर तिच्यात रंग मिसळलेला असण्याचा संशय धरा. खांद्यापर्यंतच्या केसांना शंभर ग्रॅम पुरते. कोमट पाणी, दोन चमचे लिंबाचा रस, दह्यासारखं दाट. दही, अंडं, तेल यातलं काही नको; त्यांनी केस मऊ होतात पण रंग फिका पडतो. आंबटाने पानातला रंग सुटायला मदत होते. या रंगद्रव्याचं नाव लॉसोन. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, म्हणून मेंदी धुण्याने निघत नाही, केस वाढेल तशी खालीच सरकत जाते. भिजवण्याचा वेळ हवेवर असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत रात्रभर ठेवावी लागते, आपल्या मेच्या उन्हात तीन तासांत रंग सुटतो आणि आणखी तीन तास ठेवली तर उतरायला लागतो. भिजवलेल्या मेंदीचा ठिपका तळहातावर दहा मिनिटं ठेवा. पुसल्यावर केशरी डाग राहिला, की लावायला घ्या.

लोखंडी कढईबद्दल थोडं. आपल्या आज्यांपासून चालत आलेली पद्धत आहे आणि तिच्यामागे कारणही आहे: चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळपट रंग तयार होतो. नुसती मेंदी लावायची असेल तर हरकत नाही. पण तो लोखंडाचा अंश केसात राहतो. पुढे कधी पार्लरमध्ये पेरॉक्साइडचा रंग लावायची वेळ आली, तर लोखंड आणि पेरॉक्साइड यांची गाठ पडून केस तापतात, राठ होतात, तुटतात. म्हणून मी स्वतः काचेच्या भांड्यातच भिजवते आणि तुम्हालाही तेच सांगते.

नुसत्या मेंदीने पांढरा केस केशरी-लाल होईल. दोन-तीन दिवसांत तो थोडा गडद होतो, पण काळा कधीच होत नाही. तुम्हाला काळ्याच्या जवळ जायचं असेल, तर मेंदीवर निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावायची. दुकानात नुसती ‘नीळ’ मागू नका, कपड्याची नीळ पुढे करतील, आणि ती डोक्याला अजिबात लावायची नाही. ‘इंडिगो पावडर’ म्हणा, नाहीतर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात नीलिनीच्या पानांची पूड विचारा. ही आपल्या गावाला परकी नाही. एके काळी सुताला निळा रंग याच जातीच्या पानांपासून मिळायचा.

मेंदी तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. इथे रिठा नको, शिकेकाई नको, लिंबू तर नकोच, कारण निळीला आंबट सोसत नाही. केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवा. मग शंभर ग्रॅम निळीची पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा. ही आधी भिजवून ठेवायची नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि लगेच लावायची. तिच्याकडे बघत बसलात तर दिसेल: कालवताना हिरवी असते, हिरव्या मटारासारखा वास येतो, आणि हवा लागेल तसा वरचा पापुद्रा निळसर काळा होत जातो. तो पापुद्रा म्हणजेच रंग. तो केसावर तयार व्हायला हवा, वाडग्यात नव्हे, म्हणून हात चटकन चालवा. हातमोजे घाला. आधी कानशिलं आणि भांग, कारण तिथला पांढरा केस सगळ्यात हट्टी. डोक्यावर जुनी प्लास्टिकची पिशवी बांधून सव्वा-दीड तास. पुन्हा साधं पाणी.

पहिल्या दिवशी आरशात हिरवट-निळसर झाक दिसेल. घाबरून शिकेकाई लावू नका. दोन दिवसांत ती काळ्याकडे वळते. तीन दिवस पाण्याशिवाय काहीही लावायचं नाही. या दिवसांत घामाबरोबर थोडा रंग सुटतो, तेव्हा उशीला जुना अभ्रा घाला आणि फिक्या रंगाचा ब्लाउज कपाटातच राहू द्या. याच कारणासाठी हळदीच्या आदल्या रात्री रंग लावायचा विचार करू नका. लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी लावा.

त्याआधी एक काम आजपासून. रोज फणीत येणारा गुंतवळ टाकू नका. त्यातले पांढरे केस वेगळे करून दोऱ्याने एकत्र बांधा. पंधरा दिवसांत बोटाएवढी जुडी होईल. ती रिठ्याने धुवा, वाटीभर मेंदीत घाला, मग निळीत. तुमच्या केसावर, तुमच्या पाण्यात काय रंग येतो ते या जुडीवरून कळेल, आणि डोक्यावर प्रयोग करावा लागणार नाही. काळ्याऐवजी तपकिरी आवडला तर दोन्ही पुडी एकत्र कालवून एकदाच लावा. मेंदी तेवढी आधी भिजवलेली हवी, नीळ ऐन वेळी मिसळायची. मेंदीशिवाय नुसती नीळ पांढऱ्या केसावर लावू नका, केस निळे-हिरवे दिसतात.

आता जाऊबाईंची अर्ध्या तासाची पुडी. ताई, इथे मी हात जोडून सांगते, ती घरात आणू नका.

जगात काळी मेंदी नावाचं झाडच नाही. मेंदी तीन तासांत केशरी करते; अर्ध्या तासात काळं करणारी गोष्ट दुसरी असते. बहुतेक पुड्यांत ती पॅराफेनिलिनडायअमिन असते, डॉक्टर तिला पीपीडी म्हणतात, आणि तिला रंग आणायला बेरियम पेरॉक्साइडसारखं काहीतरी घातलेलं असतं. पुडीवर पुढे पानांचं चित्र आणि ‘हर्बल’, मागे बारीक अक्षरात हे नाव. भिंग घेऊन वाचा. माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अशीच पुडी लावली होती. रात्री कपाळ जड वाटायला लागलं, सकाळी दोन्ही पापण्या सुजून डोळे उघडेनात, कानामागून पाणी वाहत होतं. साखरपुडा झाला, तिने पदर पुढे ओढून अंगठी घातली. त्या दिवसाचा एकही फोटो तिने आजवर घरात लावलेला नाही. त्याआधी दोन वेळा तिने तीच पुडी लावली होती आणि काही झालं नव्हतं. या ॲलर्जीचा स्वभावच असा: पहिल्यांदा शरीर ओळख करून घेतं, आणि पुढच्या कुठल्याही वेळी उलटतं. एकदा उलटलं की ते जन्मभर राहतं. मग डॉक्टरांनाही ते सांगून ठेवावं लागतं, कारण भूल देणाऱ्या काही मलमांनाही तेच शरीर विरोध करू शकतं.

तुमच्या टाळूला आधीच खाज यायची, म्हणून मी जास्त काळजीने लिहिते आहे. तरीही कधी रासायनिक रंग लावायचं ठरलं, तर ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. दर वेळी, मागच्या वेळी काही झालं नसलं तरी. लाली, खाज, फोड यातलं काही दिसलं तर तो रंग नको. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, रिक्षा करून थेट सिव्हिल गाठा. आणि ही पुडी घरात असेलच तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पोटात गेली तर जीवावर बेततं. मेंदी आणि निळीचीही तपासणी अशीच करा; पानांचीसुद्धा क्वचित कुणाला ॲलर्जी असते.

पार्लरच्या ट्यूबमधल्या रंगाबद्दल मात्र पार्लरवालीचं म्हणणं उलटं आहे. तो रंग न धुतलेल्या केसावरच लावतात, एक-दोन दिवसांचं टाळूचं तेल कातडीला थोडा आडोसा देतं. त्यातला अमोनिया केसाचे खवले उचलतो, पेरॉक्साइड केसातला जुना रंग फिका करतो आणि नवा रंग आतच तयार होतो. त्याला शाम्पूची गरज आधी नाही आणि नंतरही नाही. तो मार्ग घेतलात तर सांगा, ‘पाणी स्वच्छ येईपर्यंत नुसत्या पाण्याने धुवा, शाम्पू नको’, आणि घरी येऊन लिंबाच्या पाण्याचा एक तांब्या घ्या, म्हणजे उचललेले खवले बसतात. पण मागच्या महिन्यातली तुमची मेंदी लोखंडी कढईतली आहे, हे त्यांना आधी सांगा. तुमच्या एका बटेवर रंग लावून बघितल्याशिवाय सगळ्या डोक्याला लावू देऊ नका. मला विचाराल तर या लग्नाला तो मार्ग नको.

शिकेकाईने रंग उतरेल का, हे विचारलंत. मेंदी उतरणार नाही. निळीचा थर मात्र प्रत्येक धुण्याला थोडा थोडा पातळ होतो आणि महिन्या-दीड महिन्यात खालची लाली डोकावते. शिकेकाईने हळू, रिठ्याने लवकर. म्हणून रंगाच्या दिवसानंतर रिठा कपाटात ठेवून द्या आणि शिकेकाईवर या. शाम्पू सोडलेले बरेच जण खाण्याचा सोडा वापरतात. तुम्ही त्या वाटेला गेला नाहीत हे बरं केलंत. टाळू किंचित आंबट असते, सोडा तिच्या उलट. रंग तर जातोच, केसही काथ्यासारखे होतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा चार आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ दिसेल. त्या वेळी फक्त मुळांना लावा. दर वेळी सगळ्या केसाला निळीचे थर चढवत गेलात, तर टोकं नको तेवढी गडद आणि कोरडी होतात.

आणि मेहनत वाया जाण्याचं मनात आणू नका. तुम्ही शाम्पू सोडला तो टाळूला खाज येत होती म्हणून. ती खाज गेली, ती पुन्हा येऊ नये, एवढंच बघायचं. पांढरे केस तसेच मिरवा, असंही मी सांगणार नाही. तुम्ही ते विचारलेलं नाही आणि पुतणीच्या लग्नात कसं दिसायचं हे तुम्ही ठरवायचं. कुणी म्हणालं, ‘नैसर्गिक नैसर्गिक म्हणता आणि रंग लावता’, तर म्हणू द्या. मेंदी तुमच्या-माझ्या आजीच्या फडताळात होती, शाम्पूची बाटली खूप नंतर आली.

तेल पुन्हा कधी लावायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. निळीनंतर चौथ्या दिवशी शिकेकाईने एकदा धुवून घ्या, मग रात्री थोडं खोबरेल, बोटांना लागेल एवढंच. लग्नाच्या आठवड्यात तेही नको. ऊन ४२ अंशांच्या पुढे असतं, अंतरपाट धरायच्या वेळी कपाळावर तेलाचा ओघळ यायला नको.

गुंतवळाची जुडी करून बघा आणि रंग काय आला ते कळवा. पांढरी जुडी मेंदीनंतर केशरीऐवजी फिकी पिवळी निघाली, तर पूड जुनी आहे, दुकान बदला. केशरी झाली पण निळीने काळी झाली नाही, तर मेंदीनंतर धुताना चुकून आंबट लागलं किंवा नीळ कालवून फार वेळ ठेवली गेली. तशी लिहा, पुढच्या वेळी कुठे हात बदलायचा ते सांगेन.